पोटातल्या महिन्यांचा हिशेब

सांगोल्याच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड विकत घ्यायला आलेला माणूस काय काय पाहतो, हे एकदा सवडीने पाहण्यासारखे असते. शिंगांचा डौल, खुरांचा रंग, वशिंडाची ठेवण, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे कुठे आहेत आणि कुठे असायला नकोत. मग तोंड उघडून दात. मग मागे जाऊन मांडीवर थाप. मग दहा पावले चालवून पाय टाकण्याची ढब. एवढे सगळे झाल्यावर तो मालकाला विचारतो, ‘कुठल्या वळूचं?’ मालकही वळूचे गाव, वळूच्या धन्याचे नाव आणि त्या वळूच्या आणखी चार खोंडांनी कुठे कुठे नाव काढले ते सांगतो. सौदा उपरण्याखाली बोटांनी होतो आणि खोंड दुसऱ्याच्या दावणीला जातो.

गाईची चौकशी झालीच तर रंगापुरती आणि स्वभावापुरती होते. ‘हा पोटात होता तेव्हा गाय काय खात होती?’ हा प्रश्न मी कोणत्याही बाजारात ऐकलेला नाही. बँकेच्या नोकरीत ग्रामीण शाखांमध्ये बरीच वर्षे गेली, जनावरांच्या कर्जापायी बाजारही पुष्कळ पाहिले. आमच्या छापील अर्जातही असा रकाना नव्हता.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून चांगल्या खोंडाला पुन्हा मोल आले आहे. त्याला दूध पाजतात, अंडी घालतात, उडीद भिजवून चारतात, विहिरीत पोहायला सोडतात. घरातल्या नातवाचे इतके होत नसेल. त्याच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला पुढच्या खोंडाची आई बांधलेली असते. खिलार गाय दुधाला बेताचीच, त्यामुळे तिच्यापुढे कडबा, आणि तोही खोंडाने टाकलेला. खोंडाच्या ज्या मांड्यांवर थाप मारून पैसे मोजले जातात, त्या मांड्यांचा निम्मा सौदा या दुसऱ्या टोकाला आधीच होऊन गेलेला असतो.

हे कसे, ते जरा नीट पाहायला हवे. स्नायू म्हणजे एक दोरखंड आहे असे समजा. दोरखंड जसा शेकडो धाग्यांचा वळलेला असतो, तसा स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो. दोरखंडाची ताकद दोन गोष्टींवर ठरते, धागे किती आणि प्रत्येक धागा किती जाड. जन्मानंतर चारा, खुराक, मेहनत यांनी तंतू जाड होतात, लांब होतात. त्यांची संख्या मात्र गाय, मेंढी, शेळी, डुक्कर या सगळ्या जनावरांत जन्माच्या आधीच जवळजवळ ठरून गेलेली असते. नंतर कितीही उडीद घाला, नवा धागा वळला जात नाही. आहेत तेच फुगतात.

हे तंतू पोटात दोन फेऱ्यांत तयार होतात. पहिल्या फेरीतले थोडे असतात आणि ते मांडवाच्या मेढींसारखे उभे राहतात. त्यांच्या आधाराने दुसऱ्या फेरीतले तंतू तयार होतात आणि संख्येने तेच कितीतरी पट जास्त असतात. पहिली फेरी बरीचशी रक्ताच्या वारशाने चालते. आईच्या खाण्यापिण्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. दुसरी फेरी मात्र आईच्या पोटात काय जाते याकडे डोळे लावून असते. डुकरिणीचे गाभणपण ११४ दिवसांचे. त्यात साधारण पस्तिसाव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत हे काम उरकते. मेंढीचे दिवस सुमारे १५०. तिच्यात महत्त्वाचा काळ ढोबळमानाने तिसाव्या ते ऐंशीव्या दिवसाचा. गाईत हे काम दुसऱ्या महिन्यापासून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत चालते.

आणि आईचे खाणे कमी पडले की फटका नेमका स्नायूंनाच का बसतो? बँकेत काम केलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. कंपनी बुडाली की तिची मालमत्ता विकून पैसे वाटतात, तेव्हा देणेकऱ्यांची एक क्रमवारी असते. तारण घेतलेल्यांचे आधी, बाकीच्यांचे उरले तर. गर्भातही तशीच क्रमवारी आहे. मेंदू, हृदय यांचे देणे आधी भागते. हातापायांचे स्नायू रांगेत मागे उभे असतात. मेंदूवाचून वासरू जगणार नाही, मांडीतले काही हजार तंतू कमी पडले तरी ते जगेल, एवढा साधा विचार निसर्गाने केलेला आहे. वासरू जगते, उड्याही मारते. कमी काय पडले ते डोळ्यांना दिसत नाही.

आईचा वाटा किती मोठा असतो याचा पहिला ठसठशीत पुरावा घोड्यांवरून मिळाला. केंब्रिजमध्ये आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड या दोघांनी १९३८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शायर ही गाडे ओढणारी धिप्पाड घोड्यांची जात आणि शेटलंड म्हणजे लहान मुलांना बसवायचे तट्टू. त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केला, आणि आकारांतला फरक लक्षात घेऊन शहाणपणाने कृत्रिम रेतनाचा मार्ग पत्करला. एकीकडे शायर आई आणि शेटलंड बाप, दुसरीकडे शेटलंड आई आणि शायर बाप. रक्त दोन्हीकडे निम्मे निम्मे. पण शायर घोडीच्या पोटी आलेले शिंगरू शेटलंडच्या पोटी आलेल्या शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाचे होते. हा फरक पुढे कमी झाला, तरी ती शिंगरे मोठी झाल्यावरही पुरता भरून निघाला नाही. बाजारात ‘कुठल्या वळूचं’ एवढेच विचारणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा ऐकायला हरकत नाही.

अर्थात, घोडीचा आकार ही एक गोष्ट आणि तिच्यापुढची वैरण ही दुसरी. वैरणीचा प्रयोग १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातल्या ड्वायर, स्टिकलंड आणि फ्लेचर यांनी डुकरांवर करून दाखवला. गाभणपणाच्या पंचविसाव्या ते ऐंशीव्या दिवसांच्या दरम्यान त्यांनी काही माद्यांना नेहमीपेक्षा बरेच जास्त खाद्य दिले. त्यांच्या पिलांत दुसऱ्या फेरीतल्या तंतूंचे प्रमाण वाढलेले आढळले आणि ती पिले पुढे मोठी होताना वाढीलाही सरस निघाली. मग अमेरिकेत वायोमिंग विद्यापीठात मेंढ्यांवर उलट बाजूने काम झाले. मेंढ्यांना अठ्ठाविसाव्या ते अठ्ठ्याहत्तराव्या दिवसापर्यंत गरजेच्या निम्मेच खायला दिले आणि त्यानंतर विण्यापर्यंत पोटभर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार अशा मेंढ्यांची कोकरे आठ महिन्यांची झाली तेव्हा त्यांच्या पाठीच्या स्नायूत तंतू कमी होते आणि स्नायूच्या आत चरबी जास्त होती. म्हणजे शेवटचे अडीच महिने पोटभर घालूनही आधीच्या पन्नास दिवसांचे कर्ज फिटले नव्हते.

कमी तंतू आणि जास्त चरबी ही जोडी योगायोगाची नाही. गर्भातल्या ज्या मूळ पेशींपासून स्नायू होतात, त्यांच्याच भाऊबंदांपासून चरबीच्या आणि जोडऊतींच्या पेशीही होतात. कोणी कोणत्या वाटेने जायचे हे त्या आठवड्यांत ठरते. ही गोष्ट लक्षात राहू द्या. पुढे ती माणसांपर्यंत येणार आहे.

आता आपल्याकडचा महिन्यांचा हिशेब मांडू. गंमत अशी की शेळी-मेंढी पाळणारा माणूस गाभण जनावराला काहीच घालत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेळीची कास भरू लागली, पोट दोन्ही अंगांनी सुटले की मूठ-दोन मुठी मका, थोडी चुणी तिला मिळते. पशुवैद्यकही शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक द्या असेच सांगत आले आणि ते बरोबरच आहे, कारण करडाच्या वजनाचा मोठा हिस्सा त्याच आठवड्यांत भरतो, आईच्या दुधाची तयारीही तेव्हाच होते. पण कास दिसते शंभर-सव्वाशे दिवसांनी. तंतूंची मोजणी तोवर आटोपलेली असते. तिसाव्या दिवशी शेळी गाभण आहे हे बहुतेकदा मालकालाही ठाऊक नसते.

फाल्गुनात भरलेली शेळी श्रावणात विते. तिचे तिसावा ते ऐंशीवा हे दिवस चैत्र-वैशाखात येतात. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत त्या महिन्यांत रानात काय असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळणार नाही. म्हशीचे आणखी निराळे. तिचे दिवस दहा महिन्यांचे. मार्गशीर्षाच्या सुमारास भरलेली म्हैस भाद्रपद-आश्विनात विते, म्हणजे मधले सगळे महिने उन्हाळ्यात. त्यात आमच्याकडे पेंड लिटरवर मोजतात. दूध जास्त तर पेंड जास्त, दूध उतरले की पेंड उतरली, आटली की बंद. वरवर पाहता हा चोख व्यवहार आहे. पण म्हैस आटते तेव्हा ती आठ महिन्यांची गाभण असते. तिच्या पोटातले रेडकू दूध देत नाही, म्हणून हिशेबात येत नाही.

हा हिशेब एकट्या शेतकऱ्याचा नव्हता, आमच्या खातेवह्यांचाही होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाला. तोवर त्या कार्यक्रमाखाली गावोगाव म्हशी आणि शेळ्या वाटल्या गेल्या. मी ज्या शाखेत होतो तिथे म्हशीच्या कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातून कापला जाई. आटलेल्या महिन्यांत बिल नसे, पण व्याज चालूच असे, आणि वसुलीची सभाही ठरल्या दिवशी भरे. कागदावरच्या योजनेत भाकड काळाचा चारा धरलेला असला तरी तो घ्यायचे पैसे कर्जदाराच्या हातात कोठून येणार, याचे उत्तर त्या कागदात नसे. साहजिकच पहिली कात्री गाभण म्हशीच्या घमेल्याला लागे. विम्याच्या दाखल्यात जनावराचा रंग, शिंगे, वय, बिल्ल्याचा क्रमांक सगळे काटेकोर लिहिलेले असे. त्या दाखल्यांवर मीच सह्या करीत असे, तेव्हा ते मला पाठ आहेत.

माण तालुक्यातल्या एका बाई कर्जदाराची आठवण या संदर्भात सांगण्यासारखी आहे. पाच शेळ्यांचे कर्ज होते. इतरांच्या करडांना बाजारात जो दर मिळे त्याहून त्यांच्या करडांना नेहमी चढा मिळे. व्यापारी करडाच्या कमरेवर हात दाबून पाही आणि घासाघीस न करता पैसे मोजी. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘साहेब, बोकड दावला त्या दिवसापासनं शेळीचं ताट येगळं. कळतंय कवा, नि घालायचं कवा?’ त्यांनी प्रयोगशाळा पाहिलेली नव्हती. शेळीला बोकड दाखवला तो दिवस त्या मनात धरून ठेवत, एवढेच.

परदेशातल्या एका अभ्यासाचे मला विशेष अप्रूप वाटते, कारण तो आपल्या कडब्याशी मिळताजुळता आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा विस्तीर्ण गवताळ मुलूख आहे. हिवाळ्यात तिथले गवत वाळून कोळ होते आणि गाभण गाई त्यावरच चरतात. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी काही गाईंना गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत रोज सुमारे अर्धा किलोच्या हिशेबाने प्रथिनांचा खुराक दिला. त्यातले प्रथिनांचे प्रमाण आपल्या शेंगदाणा पेंडीइतके, चाळीस-बेचाळीस टक्के. वासरे जन्मली तेव्हा दोन्ही गटांच्या वजनात लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. पण दूध तुटायच्या वेळी खुराकवाल्या गाईंची वासरे भारी भरली. आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पुढची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. त्या गाईंच्या कालवडी मोठ्या झाल्यावर त्यांच्यातल्या ९३ टक्के गाभण राहिल्या, तर खुराक न मिळालेल्या गाईंच्या कालवडींपैकी ८० टक्के. आजीच्या गव्हाणीतली पेंड नातवंडांच्या संख्येत दिसली.

आता एवढे वाचून कोणी गाभण जनावरापुढे पेंडीचे पोते उपडे करील, तर त्याला थांबवले पाहिजे. डुकरांवरच्या त्या लंडनच्या प्रयोगासारखाच प्रयोग डेन्मार्कमध्ये झाला, माद्यांना हवे तेवढे खाऊ घातले, आणि २००३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पिलांना काही फायदा झालेला दिसला नाही. ज्या आईचे पोट आधीच भरलेले आहे तिला आणखी भरवून तंतू वाढतीलच असे नाही. कमतरता भरून काढण्याने जे साधते ते चंगळीने साधत नाही. शेवटच्या दिवसांत जनावर फार लठ्ठ झाले तर विताना अडते, हे गोठ्यातल्या म्हाताऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत आढळलेली एक गोष्ट मात्र म्हाताऱ्यांनाही चकित करील. अंगाने पुरती न वाढलेली कोवळी मेंढी भरवली आणि तिला गाभणपणात भरपूर खायला घातले, तर कोकरू मोठे होण्याऐवजी लहान जन्माला येते. मेंढी स्वतःच अजून वाढत असते. आलेले अन्न ती स्वतःच्या अंगाला लावते, वार लहान राहते आणि कोकराला पुरेसे पोचत नाही. वाचकांनी हे वाक्य मेंढीपुरतेच वाचायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची लग्ने लावून देणारी गावे आजही या राज्यात आहेत.

माणसांचा विषय निघालाच आहे, तर पुण्याचे उदाहरण दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या स्त्रियांनी काय खाल्ले, किती कष्ट केले, त्यांची बाळे केवढी झाली, हे सगळे मोजले. त्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, तिकडची साडेतीन किलो. यात नवल नव्हते. नवल पुढे होते. आपल्या बाळांत सगळ्यात जास्त कमी काय पडले होते, तर स्नायू आणि पोटातले अवयव. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीचे, असे हे भारतीय बाळ. मोठेपणी मधुमेह आपल्या लोकांना तुलनेने कमी वजनात आणि कमी वयात का गाठतो, याचा एक धागा याज्ञिकांना इथे सापडला. वायोमिंगच्या कोकरांची आठवण वाचकांना झालीच असेल.

त्याच अभ्यासातून २००१ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. बाळाच्या आकाराशी आईने एकूण किती खाल्ले याचा संबंध फारसा दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, दूध, फळे किती वेळा खाल्ली याचा दिसला. पोट भाकरीने भरत होते, कमी पडत होते ते ताटातले बाकीचे. आपल्या घरांत भाजीचा शेवटचा घास कोणाच्या वाट्याला येतो, आणि येतो तेव्हा पातेल्यात काय उरलेले असते, हे शहरातल्या वाचकांनाही माहीत आहे.

पुन्हा गोठ्याकडे वळतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचे जुळी कोकरे देणारे जनुक आपल्या दख्खनी मेंढ्यांत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. एका वेळी दोन कोकरे म्हणजे धनगराच्या हातात दोन पैसे जास्त. पण एकाच्या वाट्याचे अन्न दोघांत वाटले जाते, तेव्हा अशा मेंढीला रानात सोडून दिली की काम झाले असे चालत नाही; गाभणपणात आणि वेतानंतर तिच्या चाऱ्याकडे जादा लक्ष द्यावे लागते. वाण सुधारणारे लोक हे सांगतात. ऐकणारे मात्र पुष्कळदा जनुकापर्यंत ऐकतात आणि चाऱ्याला उठून जातात.

खर्चाची भीती वाटते तेवढी मोठी नाही. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. सुबाभळीच्या, शेवरीच्या पाल्यात वीस टक्क्यांच्या आसपास. बांधावर शेवरीची एक रांग असली तरी दोन-चार शेळ्यांचे भागते. सुबाभूळ एकटी घालू नये, तिच्यात एक विषारी द्रव्य असते. इतर चाऱ्यात मिसळून, पाव-तिसरा हिस्सा, एवढी पुरे. म्हैस आटवली की तिची पेंड एकदम तोडू नये. आणि नर दाखवल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने का होईना लिहून ठेवावी.

माणच्या त्या बाई लिहीत नसत, पण बाभळीच्या शेंगा साठवत. चैत्र-वैशाखात झाडाखाली पडलेल्या शेंगा पोरांकडून वेचून घेऊन, वाळवून पोत्यात भरत आणि ती पोती माळ्यावर टाकत. बाकीची शेळ्या-मेंढरे तेव्हाच झाडाखालच्या झाडाखाली शेंगा संपवत. बाईंची पोती वर्षभर पुरत. उन्हाळ्यात घरी गेलो तर अंगणात शेंगा पसरलेल्या असत, आणि मला बसायला जागा करून देण्यासाठी आधी त्या एका बाजूला सारून घ्याव्या लागत.